चारशे बारा पावलं

घर भाड्यानं घ्यायचं म्हणून मी बघायला गेले, तर त्यांनी मला आधी गच्चीवर नेलं. मी विचारतेय नळाला पाणी किती वाजता येतं, न्हाणीघरात टब ठेवायला जागा आहे का, आणि हे बोट लांब करून सांगतायत, "तो पाहा तलाव. ही त्याची पाळ. पाळीच्या त्या टोकापासून पायवाट चढते. तीन टेकड्या, मंग सागाचं बन, मंग मागचं पानी, मंग खाली उतरते. नऊ किलोमीटर. पुरा गोल व्हाले चारशे बारा पावलं कमी हाय."

मी म्हटलं, "बरं. आणि भाडं?"

"भाड्याचं काकूले इचारा. मले एकच सांगा, रविवारी सकाळी साडेपाचले उठता का?"

मी उठत नव्हते. सात पिढ्यांत आमच्याकडे कोणी उठलं नव्हतं. पण त्या वेळी माझी परिस्थिती नाजूक होती. आष्टीला एका दवाखान्यात मी रक्त तपासायचं काम करायची. दिवसभर दुसऱ्यांच्या साखरेचे आकडे लिहिता लिहिता एकदा गंमत म्हणून स्वतःचं बोट टोचून पाहिलं, तर आकडा असा आला की मशीन बिघडलं समजून मी तीनदा तपासलं. मशीन ठीक होतं, मीच बिघडले होते. डॉक्टर म्हणाले, चाला. त्यामुळे मी त्या गच्चीवर उभी राहून "उठते" असं धडधडीत खोटं बोलले आणि तलावाकाठचं ते घर मला मिळालं.

घरमालक निवृत्त मोजणीदार होते. उभा जन्म लोकांची वावरं मोजण्यात गेला. गाव त्यांना मोजणीकाका म्हणायचं, मीही तेच म्हणू लागले. उंच, वाळलेले, खाकी हाफपँट, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला. चालताना ते पावलं मोजायचे. शंभर पावलं झाली की उजव्या खिशातला एक चिंचोका डाव्या खिशात जायचा. रस्त्यात कोणी राम राम घातला तर उत्तर असं यायचं, "सत्त्याहत्तर, राम राम, अठ्ठ्याहत्तर, पोरगी पास झाली का, एकोणऐंशी." मारुतीच्या देवळापर्यंत दोनशे आठ पावलं. एकदा दोनशे दहा भरली तर घरी येऊन त्यांनी दोन्ही चपला उलट्या करून पाहिल्या. एक टाच झिजली होती. चप्पल बदलली, पुन्हा देवळापर्यंत गेले, दोनशे आठ आणली आणि मगच चहा घेतला.

"अंदाजे" हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. "जवळपास" आणि "असेल काहीतरी" हेही त्यातच आले. रविवारच्या फिरण्यात जो कोणी अंदाजे म्हणेल, त्यानं पुढच्या दगडापर्यंत चुन्याचा डबा वाहायचा. पहिल्या महिन्यात मी इतका वाहिला की माझ्या दोन पंजाबी ड्रेसवरचे पांढरे ठिपके अजून गेलेले नाहीत. काकू म्हणायच्या, "तुले काय झालं पोरी, तू तं चारच महिने झाले पाहून राह्यली. माह्या लग्नाच्या वेळी आत्याबाईनं इचारलं, पोरगी किती उंच हाय? तं यायनं भर मांडवात खिशातून टेप काहाडला वं माय!"

"मंग? इचारलं तं सांगा लागते ना," काका आतून ओरडायचे.

ती पायवाट त्यांनी एकट्यानं केली होती. निवृत्तीनंतरची सात वर्षं त्यात गेली. तलावाभोवती पूर्वी गुराख्यांच्या तुटक वाटा होत्या. कुठं घाणेरीत हरवायच्या, कुठं दगडांत. काका विळा, फावडं आणि आपली जुनी मोजणीची साखळी घेऊन रोज पहाटे निघायचे. वीस मीटरची लोखंडी साखळी. ऑफिसात नवी मशीनं आली तेव्हा भंगारात निघाली, ती त्यांनी साहेबांकडून मागून आणली होती. एक टोक खुंटीला अडकवायचं, दुसरं ओढत न्यायचं, अशी सगळी वाट त्यांनी मोजली. दर किलोमीटरला चुना मारलेला दगड, वळणावर चुन्याचा बाण. पाऊस झाला की चुना धुऊन जायचा आणि दिवाळीनंतर ते पुन्हा मारायचे. मी एकदा शहाणपणानं म्हटलं, ऑइल पेंट मारा ना, कटकट जाईल.

"चालनारे हायेत तोवर दरसाल चुना मारनारे बी राहतीन," काका म्हणाले. "चालनारे संपले तं चुना बी जावा पानीत. डोंगराले काऊन उगाच रंगवून ठेवाचा?"

वाटेवरच्या जागांना नावं द्यायचा मान त्यांचाच, आणि नावं पडायची ती लोकांच्या फजितीवरून. पहिल्या चढावर एका मास्तरांचा श्वास फुलला ती "मास्तरची धाप". आर्वीहून आलेल्या एका वहिनींचा जोडा वाहून गेला तो "जोडा-नाला". आणि दुसऱ्या टेकडीच्या अर्ध्यावर एक सपाट काळा दगड आहे, तिथं मी पहिल्या रविवारी जी बसले ती पाऊण तास उठले नाही. काका तोवर नकाशात लिहून मोकळे झाले, "मॅडमची बैठक". आता माझी बदली वर्ध्याला झाली आहे, कधीमधी जाते तर तिथं नवे लोक बसून डबे उघडतात आणि मला म्हणतात, ताई, थोडं सरकता का?

पण वाट अशी, की बसावंसं वाटलं तरी उठवायची. दुसरी टेकडी चढून सालईच्या झाडांतून बाहेर पडलं की तलाव एकदम पायाखाली. माघात सकाळी त्यावरून वाफ निघत असते. मागच्या पाण्यात वठलेली झाडं उभी आहेत, त्यांच्यावर पाणकावळे पंख पसरून बसतात, धुणं वाळत घातल्यासारखे. खाली सागाच्या पानांवरून चालताना आपलाच आवाज इतका मोठा येतो की आपोआप बोलणं बंद होतं. मी याच जिल्ह्यात जन्मले, वाढले, आणि माझं जग म्हणजे वर्ध्याच्या बसस्टँडपासून पवनारच्या पुलापर्यंत. आपल्याकडे डोंगर आहेत हे मला चाळिशीनंतर एका हाफपँटवाल्या माणसानं चालवून दाखवलं. या एका गोष्टीसाठी मी त्यांना कितीही चुन्याचे डबे माफ करायला तयार आहे.

आता ती चारशे बारा पावलं.

नववा दगड ओलांडला की वाट डोंगरातून खाली येते आणि समोर काट्यांचं कुंपण. कुंपणापलीकडे वांग्याचं वावर, वावरापलीकडे काकांचं घर. गच्चीवर वाळत घातलेला माझा गाऊन मला तिथून स्पष्ट दिसायचा. घर समोर आणि आम्ही काय करायचो, तर उलटं फिरून पांदणीनं डांबरी रस्त्याला लागायचो आणि तीन किलोमीटर उन्हात पाय ओढत घरी. कुंपण थेट पाण्यापर्यंत गेलेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की गाळातून जाता आलं असतं, पण काकांना चार महिन्यांची वाट नको होती, बारा महिन्यांची हवी होती. एकदा बँकेतल्या एका उत्साही गृहस्थानं कुंपणावरून उडी मारली. काकांनी त्याला महिनाभर फिरायला बंदी केली. "मालकाले न इचारता वावराचा धुरा ओलांडते म्हंजे काय? इतके दिवस मी काय मोजलं मंग?"

वावर होतं काकांच्या सख्ख्या साळ्याचं. काकूंचा पाठचा भाऊ. भाजीपाला लावायचा, आष्टीच्या बाजारात विकायचा. एकोणीस वर्षांपूर्वी तलावाची हद्द नव्यानं आखायची निघाली तेव्हा मोजणीदार होते आमचे काका. लोकांनी सांगितलं, सोयऱ्याचं वावर आहे, दुसऱ्याला पाठवा. काका म्हणाले, दुसऱ्याला पाठवलं तर लोक म्हणतील साळ्याला घाबरला. गेले स्वतः, साखळी लावली, दगड गाडला. तो दगड पडला सासऱ्यांनी लावलेल्या आंब्याच्या अलीकडे. म्हणजे धुरा, वावराचा बांध, आणि पाणी यांच्यातली दोन मीटरची पट्टी तलावाची झाली, आंब्यासकट. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद.

साळाही काही कमी नव्हता. पहिल्याच वर्षी आंबा कैऱ्यांनी लदला तर म्हणाला, "सरकारचा झाला ना? मंग सरकारनं येऊन खावा." एकोणीस वर्षं त्यानं त्या झाडाची एक कैरी तोडली नाही. वांदरं खाऊन गुबगुबीत झाली. पण त्या पट्टीवरून भाटवा, म्हणजे बहिणीचा नवरा, जाऊ नये म्हणून पाण्यापर्यंत काटे मात्र दरसाल नवे.

रविवारी आम्ही कुंपणाशी पोचायचो तेव्हा हा माणूस बरोबर तिथंच ढवळ्या बैलाला कोळपणीचा डवरा जुंपून उभा असायचा. वांग्यांना डवरणीची गरज असो नसो. मग सुरू व्हायचं. काका आमच्याकडे तोंड करून बोलायचे, साळेबुवा बैलाकडे.

"मंडळी, इथून पुढं सरकारी पट्टी हाय. एकानं अडवली म्हनून आपन थांबलो. याले अतिक्रमण म्हनते."

"आयकलं का ढवळ्या? झाडाच्या मुळापाशी दगड गाडनारे आपल्याले कायदा शिकवून राह्यले."

"मंडळी, दगड नकाशापरमानं हाय."

"ढवळ्या, नकाशाले इचार बरं, आंब्याले पानी कोनं घातलं?"

ढवळ्या शेपटीनं माश्या हाकायचा. आम्ही दहा-बारा जण हसू दाबत बुटांच्या लेस बांधायचो. नवीन माणसांना वाटायचं, हा ठरवून केलेला कार्यक्रम आहे.

मलाही हसूच यायचं, भाऊबीजेपर्यंत. संध्याकाळी काकू ताट घेऊन गच्चीवर आल्या. मी म्हटलं, काकू, कोणाला ओवाळता? म्हणाल्या, चंद्राला. ज्यांना भाऊ नसतो त्या चंद्राला ओवाळतात, हे मला माहीत होतं. पण यांचा भाऊ तर चारशे पावलांवर. मी खाली पाहिलं, तर वांग्याच्या वावरात विहिरीपाशी साळेबुवा उभे. डोक्यावर नवी टोपी. मोटार पंपाकडे पाहत असल्यासारखे, आणि पंप बंद होता. काकूंनी चंद्राला ओवाळलं, ताट खाली ठेवलं. तो माणूस टोपी काढून घरात गेला.

"तुम्ही का जात नाही हो?" मी विचारलंच.

"कशी जाऊ? माहा नवरा खोटं मोजते असं त्यानं चार लोकाईत म्हनलं. आन् माहा भाऊ खोटा हाय हे मी तरी कोन्या तोंडानं म्हनू? मंग राह्यते घरी." एवढं बोलून त्या खाली भाकरी टाकायला गेल्या.

होळीच्या आधी काकांच्या हातात एक कागद आला. पट्टी मोकळी करून द्या म्हणून त्यांनी तलावाच्या ऑफिसात दोन वर्षांपूर्वी अर्ज दिला होता. उत्तर आलं, की हद्दीच्या दगडापासून पाण्यापर्यंतचं कुंपण पुढल्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी काढण्यात येईल. काका त्या दिवशी चक्क न मोजता चालत घरी आले. आष्टीहून वीस आलूबोंडे आणले, गल्लीभर वाटले. "झाला गोल! मॅडम, झाला गोल!" माझ्या हातात दोन कोंबले. काकूंनी एक हातात घेतला, बराच वेळ धरला आणि परत कागदात ठेवला.

त्या रविवारी काका हवेत होते. आणि मी, माझी जीभ जळो, त्याच दिवशी तोंड उघडलं.

गोष्ट जुनीच होती. हल्ली सगळ्यांच्या मोबाईलमध्ये चालल्याचे आकडे येतात. काकांच्या नवव्या दगडाशी कोणाच्याही मोबाईलमध्ये नऊ किलोमीटर भरायचे नाहीत, आठ किलोमीटर नऊशेच्या आसपास येऊन अडायचे. दर रविवारी कोणीतरी चिडवायचं आणि काका उत्तर द्यायचे, "तुमचा मोबाईल वरतून आभाळातून पाहते. त्याले चढ-उतार काय समजते? साखळी जमिनीवर पडते बापा." ते ऐकून सगळे मोबाईल खिशात घालायचे. मी त्या दिवशी सहज म्हटलं, खरंच सहज, "काका, आमच्याकडे रोज सकाळी मशीन तपासल्याशिवाय एकाचंही रक्त त्यात घालत नाहीत. तुमची साखळी शेवटची कधी तपासली?"

काका थांबले. "चौऱ्याऐंशी" म्हणून थांबले आणि पंच्याऐंशी म्हणालेच नाहीत.

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. जिन्यात समोर आले की पावलं मोजत असल्याचं दाखवायचे. जिना पंधरा पायऱ्यांचा. तिसऱ्या दिवशी दुपारी मी ड्यूटीवरून आले तर अंगणात साखळी लांब पसरलेली, काका उकिडवे बसलेले आणि काकू बाजूला कमरेवर हात ठेवून उभ्या.

"मॅडम, मोजा," काका म्हणाले. "शंभर कड्या असतेत साखळीले. दर पाच मीटरले पितळी बिल्ला असते, त्याच्यावरून मोजतेत. कड्या कोनी मोजत नाई."

मी मोजल्या. नव्याण्णव. काका म्हणाले, पुन्हा. पुन्हा नव्याण्णव. काकूंनी मोजल्या, नव्याण्णव.

मग त्यांना आठवलं ते त्यांनी आम्हाला सांगितलं. त्या हद्दीच्या मोजणीच्या आदल्या दिवशी साखळी तुटली होती. बाजाराचा दिवस होता, लोहार बसला होता. त्यानं मोडकी कडी फेकून दिली आणि दोन टोकं एकमेकांत अडकवून दिली. साखळी दुरुस्त झाली की ऑफिसच्या अंगणात दोन खुणेचे दगड असतात, त्यांच्यावर ताणून तपासायची. काका जन्मभर तपासत आले. त्या एका दिवशी उशीर झाला होता, आणि दुसऱ्या दिवशी साळ्याच्या वावरात वेळेवर पोचून दाखवायचं होतं. पुढं महिनाभरात मशीनं आली आणि साखळ्या कोपऱ्यात पडल्या.

"एक कडी म्हंजे एक वीत," काका जमिनीकडे पाहत म्हणाले. "दर साखळीमांगं एक वीत कमी पडली. वावर हाय दहा साखळ्या. दहा विती. दोन मीटर."

म्हणजे दगड दोन मीटर अलीकडे गाडला गेला होता. आंबा साळ्याचा होता. पट्टी साळ्याची होती. आणि त्या पट्टीवरून वाट काढून द्यायला माणसं पुढच्या सोमवारी येणार होती.

यानंतर मी जे बोलले ते मला शोभलं नाही, पण लपवत नाही. मी म्हटलं, "काका, कोणाला कळणार आहे? सात वर्षं खपलात तुम्ही. सोमवारी काटे निघतील, वाट गोल होईल. राहू द्या ना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. "मॅडम, तुमच्या मशीननं चुकीची साखर दाखवली आन् मानूस सुया टोचून घेऊन राह्यला, तं त्याले सांगता का नाई?"

काका काकूंकडे वळले. काकू म्हणाल्या, "माह्याकडे नोका पाहू. वाट तुमची, भाऊ माहा. मी काईच म्हननार नाई." आणि आत जाऊन त्यांनी एक घासलेलं पातेलं पुन्हा घासायला घेतलं.

मला वाटलं, काका संध्याकाळी साळ्याकडे जाऊन हळूच सांगतील. पण तो स्वभाव नव्हता. "मोजनी पंचाईसमोर केलती," ते म्हणाले, "चूक बी पंचाईसमोरच सांगा लागते." म्हणून त्या सोमवारच्या आदल्या रविवारी आम्ही बारा जण नेहमीसारखे निघालो आणि काकांच्या खांद्यावर ती जड साखळी. लोक विचारत राहिले, काका, आज काय मोजायचं? ते साखळीचा खांदा बदलून चालत राहिले. मास्तरची धाप गेली, माझी बैठक गेली. चिंचोके खिशात तसेच. वाटेत एकानं "अंदाजे" म्हटलं तर त्याला कोणी काही म्हणालं नाही, आणि तोच बिचारा घाबरून डबा उचलून चालू लागला.

कुंपणापलीकडे साळेबुवा डवरा धरून तयार होते. उद्या कुंपण निघणार हे त्यांनाही कळलं होतं. तोंड असं की आज ढवळ्याला काय काय ऐकावं लागेल कोण जाणे.

"साळेबुवा," काका म्हणाले. सरळ त्याच्याकडे पाहून.

त्या माणसाचा हात डवऱ्यावरच थांबला. सवयीनं म्हणाला, "ढवळ्या, पाय बरं, कोन बोलवून राह्यलं."

"ढवळ्याले नाई, तुले बोलवून राह्यलो. ही साखळी मोज. कड्या मोज."

काकांनी साखळी कुंपणावरून आत टाकली. साळ्यानं डवरा सोडला. मग खाली बसला आणि एकेक कडी बोटानं सरकवत मोजू लागला. बासष्टाव्या कडीला आमच्यातला कोणीतरी शिंकला. तो विसरला, त्यानं आमच्याकडे एक कडू नजर टाकली आणि पहिल्यापासून सुरू केलं. नव्याण्णव झाल्या. त्यानं शेवटची कडी दोनदा चाचपली.

"लोहारानं जोडली होती," काका म्हणाले. "मी न तपासता तुह्या वावरात लावली. दगड दोन मीटर इकडे पडला. आंबा तुहा हाय. पट्टी बी तुहीच हाय. उद्या मानसं आले तं मी सोता दगडापाशी उभा राहून हेच सांगीन आन् लिहून बी देईन." मग म्हणाले, "चुकलं माहं."

साळेबुवांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिले.

"मले आंब्याचा राग नोयता, भाऊजी," ते म्हणाले. "तुमाले आठोते का? त्या दिवशी मी म्हनलं होतं, भाऊजी, एक डाव अजून मोजा. एकच डाव. तुमी साखळी गुंडाळली आन् पंचाईसमोर म्हनले, माही मोजनी चुकत नाई, तुह्या बापाचा आंबा हाय म्हनून दगड सरकत नाई. बाप त्याच साली गेलता माहा."

"आठोते," काका म्हणाले. "माहं बरोबर हाय असं वाटे, तवा बी रोज आठोते."

आम्ही बारा पंच कुठं पाहावं ते न कळून उभे होतो. मास्तर चष्मा पुसत होते.

"मंग आता जागा माही ना?" साळेबुवा उठले. "इथून कोन जाईन हे मी ठरवीन का नाई?"

"तूच ठरवशीन."

"मंग पह्यले माही ताई येईन. तिकडून. तोवर तुमी सारे तिथंच थांबा."

मी काकूंना फोन लावला. "काकू, भाऊ बोलावतोय." पलीकडे कुकरची शिट्टी. मग गॅस बंद केल्याचा खटका आला. थोड्या वेळानं फाटक उघडलं आणि काकू निघाल्या, पदर कमरेला खोचलेला, हाताला पीठ. इकडे साळेबुवा वांग्यांच्या सऱ्यांतून धावत सुटले आणि घराकडच्या कुंपणाचे काटे नुसत्या हातांनी ओढू लागले. साठीचा माणूस, हातातून रक्त, पण थांबेना. काकू तिथून आत आल्या, आंब्याखाली आल्या. पाण्याच्या बाजूनं हळूहळू, प्रत्येक झाड पाहत. भाऊ मागोमाग, पायाला हात लावायला वाकला तर त्यांनी त्याला खांद्याला धरून उभा केला.

"किती वाळला रे," काकू म्हणाल्या. आणि आंब्याच्या मुळीवर बसल्या. "उन्हाची आली मी. पानी तरी इचारशीन का नाई?"

तो घराकडे पळाला. काकूंचं लक्ष आमच्याकडे गेलं. काका अजून काट्यांच्या बाहेरच उभे, दोन्ही हात मागे बांधून.

"आन् तुमी काऊन थांबले तिथं?"

"मालकानं मले अजून या म्हनलं नाई," काका म्हणाले.

साळेबुवा लोटा आणि पेला घेऊन परत येत होते, त्यांनी ते ऐकलं. ते बहिणीच्या पुढून तसेच निघाले, थेट कुंपणाशी आले, पायानं काटे बाजूला लोटले आणि लोटा काकांच्या पायाशी ठेवला.

"या भाऊजी. पाय धुवा, पानी घ्या."

काकांनी पाय धुतले नाहीत. त्यांनी लोटाच उचलला आणि तोंडाला लावला. एका दमात सगळा संपवला. साळेबुवा रिकामा पेला धरून उभे, त्यांचेही डोळे वाहत होते, आणि मागून आंब्याखालून काकू ओरडत होत्या, "अरे, पानी मी मागतलं होतं ना!"